नागपूरवर मनापासून लिहितोय, पण ब्लॉगवर वाचक टिकत का नाहीत?

जुनी_शुक्रवारी

नमस्कार मंडळी. जन्म नागपूरच्या महाल भागातला, आता राहायला मनीषनगरात. नोकरी सांभाळून जुन्या नागपूरवर ब्लॉग लिहितो. ब्लॉगस्पॉटवर, फुकटातला. महालातले वाडे, चितारओळीतले मूर्तिकार, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, सावजी जेवण, बंद पडलेल्या टॉकीजा, असं सगळं.

इकडून-तिकडून उचलून लिहीत नाही. स्वतः जातो, बसतो, म्हाताऱ्या माणसांशी बोलतो, फोटो काढतो. एकेका लेखात सगळे रविवार जातात. आणि मग तो वाचतं कोण? घरचे, ऑफिसातले तिघं-चौघं आणि शाळेच्या ग्रुपवरचे मित्र. हे मित्र लिंक टाकल्याच्या दुसऱ्या सेकंदाला अंगठा पाठवतात. दुसऱ्या सेकंदाला काय वाचून झालं असेल ते मलाही कळतं.

मध्ये एकदा मारबतीच्या लेखावर एकदम गर्दी झाली. दोन दिवस आकडा चढत होता, मला वाटलं लागली गाडी रुळावर. तिसऱ्या दिवशी पुन्हा सामसूम. आलेल्यांपैकी जवळजवळ कोणीच दुसरा लेख उघडून पाहिला नाही.

एक मित्र म्हणतो ब्लॉगचा जमाना गेला, रील कर. दुसऱ्या एकाने 'महिन्याभरात गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो' म्हणून पैसे सांगितले, त्याला हात जोडले. मला यातून कमवायचं काही नाही. चार अनोळखी माणसांनी वाचावं आणि आलेल्यांनी पुन्हा यावं एवढंच. लिहिणंच वाईट असेल तर तसं सांगा, राग नाही. लिंक प्रोफाइलमध्ये आहे.

टपरी_नंबर_दोन

काका, आता कोण वाचून राहिलं एवढं? मी तुमचा सावजीवाला लेख उघडला न. बसमध्ये होतो, भूक लागली होती, म्हटलं बघू काका कुठलं भोजनालय सांगून राहिले. वर सरकवून सरकवून अंगठा दुखला पण रस्सा काही आला नाही. आधी हलबा कोष्टी समाज, मग हातमाग, मग १८७७ ची एम्प्रेस मिल. मिलच्या भोंग्यापर्यंत पोचलो अन् माझा स्टॉप आला.

रील नसेल करायची तर नका करू. पण भुकेल्या माणसाला आधी ताट द्या न बापा, इतिहास जेवता जेवता ऐकतो तो.

गच्चीवरची_बाग

टपरीभाऊ गमतीत बोलले पण नेमकं बोलले. मी काल रात्री तुमचे सात-आठ लेख वाचले. लेखन वाईट अजिबात नाही. चितारओळीचा लेख तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवला, ती म्हणाली या माणसाला सांग, पुढचं लवकर लिही. मीही नागपुरातूनच ब्लॉग लिहिते, गच्चीवरच्या बागेवर. तेव्हा आपल्याकडचा वाचक कुठून येतो आणि कुठे सटकतो याचा थोडा अंदाज आहे. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी शीर्षकं. 'आठवणींच्या हिंदोळ्यावर : भाग ७'. हा मारबतीवरचा लेख आहे हे मला तो उघडल्यावर कळलं. फोन हातात घेऊन 'हिंदोळा' कोणी शोधत नाही. लोक 'मारबत किती वाजता निघते', 'पिवळी मारबत कुठे' असं टाकतात, आणि निम्मे तर रोमन अक्षरांतच टाकतात. तुमच्या शीर्षकात मारबत हा शब्दच नाही. त्यातून 'भाग ७' दिसलं की नवा माणूस बिचकतो, त्याला वाटतं आधीचे सहा वाचल्याशिवाय आपल्याला काही कळायचं नाही. प्रत्यक्षात तुमचा प्रत्येक लेख सुटा वाचता येतो. मग हा आकडा हवाय कशाला?

मग सुरुवात. मारबतीच्या लेखाचे पहिले चार परिच्छेद 'उत्सवप्रिय भारतीय मन' आणि 'आपली समृद्ध संस्कृती' यांत गेलेत. ते चंद्रपूरचा किंवा चिपळूणचा कोणीही माणूस घरबसल्या लिहील. आणि नवव्या परिच्छेदात, तेही कंसात, तुम्ही लिहिलंय की बडग्याचा, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुतळ्याचा, बांबूचा सांगाडा आधी कमरेपासून बांधतात, पाय सगळ्यात शेवटी, कारण मिरवणुकीत धक्के पायांनाच बसतात. कागद चिकटवायच्या आत पोटात गवत ठासतात. आणि गळ्यातल्या पाटीवर काय लिहायचं ते आदल्या रात्री बातम्या बघून ठरतं. अहो काका, मी इथे जन्म काढला, 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडत मोठी झाले, मला यातलं अक्षर माहीत नव्हतं! हे कंसात? ते उचलून पहिल्या ओळीत ठेवा. बांबू चिरणारा तो माणूस तुम्हाला काय म्हणाला, तिथून सुरू करा. संस्कृती खाली सरकली तर तिला काही होत नाही.

वेळेचंही बोलायला हवं. मारबत निघते तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. लेख तुम्ही टाकलात त्याच रात्री, मिरवणूक संपून रस्ते झाडून झाल्यावर. लोकांची शोधाशोध त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून सुरू असते. तुम्हाला दोन दिवस दिसली ती गर्दी म्हणजे त्याचं शेपूट. माझ्याकडे हे उन्हाळ्यात अगदी स्पष्ट दिसतं. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले ते नऊ कडक दिवस, लागतो २५ मेच्या आसपास, पण तोवर नागपूरचा पारा ४५ ला शिवून आलेला असतो आणि ज्यांच्या कुंड्या जळायच्या त्या जळून गेलेल्या असतात. म्हणून कुंड्यांवर सावलीला बांधायच्या हिरव्या जाळीवरचा लेख मी होळीच्या आधी वर काढते. दर वर्षी नवा लिहीत नाही. तोच उघडते आणि दुरुस्त करते. जाळी किती टक्क्यांची लावावी, सकाळचं पाणी किती वाजायच्या आत घालावं, कुंडी तापलेल्या स्लॅबवर थेट न ठेवता विटांवर कशी ठेवावी, आणि त्या वर्षीचा जाळीचा भाव. भावासाठी लोक परत येतात, हे मला आधी खरंच वाटलं नसतं.

मारबतीचंही असंच एक कायमचं पान करा. पिवळी मारबत जागनाथ बुधवारी भागातली, १८८५ पासूनची, हे त्यात येईलच. पण काळी आणि पिवळी या दोन मारबतींची भेट नेहरू पुतळ्याजवळ बघायची तर कुठे उभं राहायचं, सोबत लहान लेकरू असेल तर कुठे उभं राहायचं नाही, गाडी कुठे लावायची, हे इतवारी भाग पाठ असलेल्या माणसाशिवाय कोण सांगणार? दर श्रावणात फक्त तारीख बदलायची.

आता दुसरा निम्मा प्रश्न, आलेला माणूस पुन्हा का येत नाही. त्याला कळणार कसं तुम्ही नवीन लिहिलंय ते? पूर्वी गूगल रीडर होतं, आवडलेले ब्लॉग लोक तिथे जोडून ठेवायचे आणि नवा लेख आपोआप समोर यायचा. ते १ जुलै २०१३ ला बंद झालं. तुमच्या ब्लॉगच्या कडेला 'ईमेलने सदस्य व्हा' अशी चौकट अजून आहे. ती गूगलच्या फीडबर्नर या सेवेवर चालायची, आणि फीडबर्नरची ईमेल सेवा २०२१ च्या जुलैपासून थांबलीय. म्हणजे त्यानंतर ज्या भल्या माणसाने लेख आवडला म्हणून तिथे आपला पत्ता टाकला असेल, तो बिचारा वाट बघत बसलाय आणि तुम्ही इथे विचारताय वाचक टिकत का नाहीत!

मी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ठेवते. एका यादीत २५६ माणसं मावतात आणि ज्याने माझा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. ही अट मला बरी वाटते. कारण नंबर सेव्ह करायची तसदी घेणारा माणूस लेख वाचतो, दुसऱ्या सेकंदाला अंगठा टाकत नाही. नंबर सगळ्यांना द्यायचा नसेल तर चॅनेल काढा, त्यात नंबर दिसत नाही.

आणखी एक, जरा स्पष्ट बोलते. वाड्यांच्या लेखाखाली एका बाईंनी विचारलंय, त्यांचे आजोबा गांधी गेटच्या मागे एका वाड्यात भाड्याने राहायचे, दारात पारिजातक होता, विहिरीवर दगडी गणपती होता, तो वाडा अजून आहे का? खाली उत्तर नाही. त्याच्या खाली आणखी कोणी 'मलाही सांगा' म्हणून लिहिलंय. काका, तो तुमचा पुढचा लेख होता, आयता. माझे बरेचसे लेख असेच आलेत. हिंगण्याच्या एका ताईंचं लिंबू भरभरून फुलायचं आणि सगळं गळून जायचं, म्हणून त्यांनी विचारलं. मी फोटो मागवला तर झाड छातीएवढं आणि कुंडी दहा इंची. त्यावर लिहिलं आणि त्या ताई आजही माझ्या प्रत्येक लेखाखाली काहीतरी लिहितात, कधी कधी वाददेखील घालतात.

मधूनमधून येणारे दिवाळीचे शुभेच्छापत्र, क्रिकेट आणि मुक्तछंद यांच्यासाठी वेगळा ब्लॉग काढा एवढंच म्हणते, जास्त बोलत नाही.

वाडी_नाका

वेबसाइट बांधतो, पोटच त्यावर आहे. ताईंच्या बोलण्यात दुरुस्ती नाही, भर आहे.

रोग कळायच्या आधी औषध नको. गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, त्याला ब्लॉग जोडा आणि 'परफॉर्मन्स' उघडा. तुमचं पान शोधात किती वेळा दिसलं आणि किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, हे दोन वेगळे आकडे तिथे मिळतात. दिसतच नसेल तर शब्दांचा घोळ आहे, किंवा गूगलने पान नोंदवलेलंच नाही. दिसतंय पण कोणी उघडत नाही, तर शीर्षक बघा. उघडतात आणि पळतात, तर सुरुवात बघा, नाहीतर पानाचं वजन. कोणत्या शब्दांवरून माणूस आला तेही तिथेच दिसतं, आणि त्यात तुम्ही कधी विचारही न केलेले शब्द निघतात.

वजनाचं बघितलं मी. चितारओळीचा लेख मोबाइलवर उघडला. फोटो घालताना तुम्ही प्रत्येक वेळी 'मूळ आकार' निवडलाय. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो, असे डझनभर. घरच्या वायफायवर चालून जातं, कॉटन मार्केटच्या गर्दीत मोबाइल डेटावर नुसता कोरा पडदा दिसतो. तिथे 'मोठा' हा पर्याय निवडा, बाकी ब्लॉगस्पॉट सांभाळतं. आणि मरून रंगावर पिवळी अक्षरं, तीही जाड! दोन परिच्छेदांनंतर माझे डोळे भरून आले, भावनेने नव्हे.

ते महिन्याभरात पहिल्या पानावर आणून देणारे: गूगलच्या स्वतःच्या मदतपानांवर लिहिलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणी देऊ शकत नाही. हात जोडलेत ते उत्तम.

शिवाय आता 'पोळा का साजरा करतात' असल्या प्रश्नांचं उत्तर गूगल वरच्या वर देऊन मोकळं होतं, पान उघडायची गरजच उरत नाही. तसली सर्वसाधारण माहिती देणाऱ्या ब्लॉगांचे वाचक आटणारच. बडग्याचे पाय शेवटी का बांधतात हे मात्र त्याला तुमच्याकडूनच घ्यावं लागेल.

जुनी_शुक्रवारी

एवढं कोणी बारकाईने वाचेल असं वाटलं नव्हतं. आभार. पण दोन गोष्टी पटत नाहीत.

एक, मग मी गूगलसाठी लिहायचं का? 'मारबत किती वाजता' हे सांगायला वर्तमानपत्रं आहेत. मला जे दिसतं ते मी लिहितो, ते कोणी शोधत असेल-नसेल. 'हिंदोळ्यावर' हे नाव सौभाग्यवतींनी सुचवलंय, ते बदललं तर घरातला उरलेला एक वाचकही जाईल.

दुसरं, त्या बाईंचा वाडा मला ठाऊक आहे. पाडला तो. आता तिथे चार मजली इमारत आहे, खाली मोबाइलची दुकानं. हे त्यांना काय कळवायचं, म्हणून लिहिलं नाही.

गच्चीवरची_बाग

वहिनींचं नाव ब्लॉगला द्या, ठळक अक्षरांत. लेखाला लेखाचं नाव असू द्या. 'मारबत : बडग्याच्या पोटात काय भरतात' असं शीर्षक दिलंत तर गूगललाही कळतं आणि माझ्यासारखीला उघडावंसंही वाटतं, तुमचं एक वाक्य बदलावं लागत नाही. वेळ आणि जागा शेवटी चार ओळींत टाका. माणूस त्या चार ओळींसाठी येईल आणि जाता जाता बांबूवाल्याला भेटेल.

वाडा पाडला असेल तर पाडला असं लिहा. इमारतीचा फोटो टाका. शेजारी कोणी जुनं माणूस उरलं असेल त्याला विचारा, कधी पाडला, विहिरीवरच्या गणपतीचं काय झालं. त्या बाई परगावी बसून अजून पारिजातक डोळ्यांसमोर आणत असतील. माझ्या आजोळचं घर पाडल्याचं मला कोणीतरी नीट सांगितलं असतं तर मी ते दहादा वाचलं असतं.

ओळखपाळख

मी २००८ च्या सुमारास ब्लॉग लिहायचो, म्हणून थोडं जुनं सांगतो. वर सगळे गूगलच्या वाटेने बोलताहेत. आमच्या वेळी वाचक तिकडून फारसे येत नसत. मराठी ब्लॉग विश्वावर सगळ्यांचे नवे लेख एका ठिकाणी दिसायचे, तिथून आम्ही एकमेकांकडे जायचो. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासूनचं, मिसळपाव २००७ चं, तिथली ओळख ब्लॉगवर यायची. वाचणारे बहुतेक स्वतः लिहिणारे होते. मी तुझ्याकडे दोन ओळी टाकल्या की तू माझ्याकडे यायचास. मग मंडळी फेसबुकवर गेली आणि इकडे चूल थंड झाली. तेव्हा ज्यांचे ब्लॉग चालत होते ते सगळे आजच्यापेक्षा भारी लिहीत होते असं मुळीच नाही.

म्हणून विचारतो, तुम्ही स्वतः किती जणांचे ब्लॉग वाचता? विदर्भावर लिहिणारे आजही आहेत. गोंडकालीन किल्ल्यांवर, झाडीपट्टीच्या नाटकांवर, वाघांवर. त्यांच्याकडे जा, खाली मनापासून चार ओळी लिहा ('छान लेख' नको, ते अंगठ्याचंच भावंड), तुमच्या लेखात त्यांचा दुवा द्या. ती माणसं येतात, आणि आली की टिकतात.

आठवड्याला एक लेख टाकलाच पाहिजे वगैरे नियम मला कधी पटला नाही. भरतीचे लेख वाचक बरोबर ओळखतो. उलट, दोन महिन्यांनी आला तरी चालेल पण चितारओळीसारखा येऊ द्या.

आणि एक सावधगिरी. चांगला लेख व्हॉट्सॲपवर अख्खाच्या अख्खा चिकटवून फिरतो, खालचं नाव पहिल्या दोन ग्रुपांतच गळतं. माझा एक लेख मलाच 'नक्की वाचा, डोळ्यांत पाणी येईल' म्हणून आला होता. तेव्हापासून मी लेखाच्या पोटातच एखाद्या वाक्यात ब्लॉगचं नाव गुंफतो. शेपटीतलं नाव कापतात, मधलं वाक्य कापायला वाचावं लागतं, तेवढे कष्ट कोणी घेत नाही.

जुनी_शुक्रवारी

पटलं. सौभाग्यवतींनीही वर-वर वाचून मान्यता दिली आहे, ठळक अक्षरांच्या अटीवर. गांधी गेटला रविवारी जातो.

आता एक शेवटची अडचण. माझ्या लेखांचे पत्ते बघितले तर सगळे 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एक आकडा असे आहेत, काहीच बोध होत नाही. ते सगळे बदलू का? आणि मारबतीचं कायमचं पान केलं तर जुन्या लेखाचं काय करायचं?

वाडी_नाका

शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगस्पॉट पत्ता तसाच बनवतं. जुन्यांना हात लावू नका. पत्ता बदलला की आजवर जिथे जिथे लिंक गेली तिथून येणारा माणूस 'पान सापडत नाही' वर आपटतो. जुन्या लेखांचं फक्त शीर्षक बदला, प्रकाशित झाल्यावर शीर्षक बदललं तरी पत्ता तोच राहतो. नव्या लेखाला प्रकाशित करायच्या आधी उजव्या बाजूच्या 'पर्मालिंक'मध्ये (म्हणजे लेखाच्या पत्त्यात) जाऊन रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द घाला, मग व्हॉट्सॲपवर लिंक आली तरी आत काय आहे ते दिसतं.

मारबतीसाठी 'पोस्ट' न करता 'पेज' करा. पोस्टच्या पत्त्यात वर्ष-महिना चिकटतो, पेजच्या नाही, म्हणून दरवर्षी तेच पान ताजं वाटतं. फक्त पेजला पर्मालिंक हाताने देता येत नाही. म्हणून आधी रोमन शीर्षक देऊन प्रकाशित करा, पत्ता पक्का झाला की शीर्षक मराठी करून टाका.

जुना लेख नव्या पानाकडे वळवायचा असेल तर सेटिंग्जमध्ये 'एरर्स अँड रीडायरेक्ट्स'खाली 'कस्टम रीडायरेक्ट्स' आहे. 'फ्रॉम'मध्ये जुना पत्ता, 'टू'मध्ये नवा, ब्लॉगच्या नावानंतरचा तेवढाच भाग, सुरुवातीच्या तिरप्या रेघेसकट. 'परमनंट' चालू करा आणि जतन करा. लेखाखालच्या जुन्या प्रतिक्रिया त्यासोबत नव्या पानावर जात नाहीत, तेव्हा त्यातल्या कामाच्या आधी उतरवून ठेवा. आणि ती ईमेलची चौकट आज रात्रीच काढून टाका.